छंदाला दुकान काढायचं, तर...

घरचा ताळेबंद

"आपल्या घरात बार?"

सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. रविवारची सकाळ होती. चहा घेता घेता भावजींनी सहज सांगावं तसं सांगितलं होतं, "वहिनी, धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत एक गाळा बघून आलोय. पिनबॉल बार काढायचा म्हणतो." पिनबॉल हा शब्द घरात कुणालाच कळला नाही. बार मात्र सगळ्यांना कळला!

"आणि ते यंत्र कुठून आणलंस रे?" सासूबाईंनी विचारलं.

"दारूखान्यातून."

झालं! बार, आणि वर दारूखाना! भावजींनी परोपरीनं समजावलं की, मुंबईतला दारूखाना म्हणजे जुनी जहाजं मोडतात तो भाग, तिथली दारू तोफेची होती, पिण्याची नव्हे. परदेशात असले खेळ बारमध्ये ठेवतात म्हणून तिकडे तसं म्हणतात, आपल्याकडे लिंबू सरबतच मिळणार. पण त्या दिवशी मेथीची भाजी जरा जास्तच तिखट झाली, एवढं खरं.

मैत्रिणींनो, हा घरचा किस्सा आज मुद्दाम सांगतेय. गेले कित्येक महिने मला येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो. कुणी लिहितं, केक छान होतात, ऑर्डरी घेऊ का? कुणाला लहानपणापासून भरतकामाचं वेड, कुणाच्या मिस्टरांना मासे पाळायचा नाद आणि आता त्यांना दुकान काढायचंय. छंदाचा धंदा करावा का? आमच्या घरी हा प्रश्न नुसता विचारायचा नव्हता. त्यात माझे पैसे मागितले होते.

आधी भावजींचा छंद सांगते. शाळेत असताना त्यांनी पाटाच्या फळीवर खिळे ठोकून, रबर ताणून, काचेच्या गोटीचा खेळ केला होता. गोटी सोडायची, ती खिळ्यांना आपटत खाली येते, ज्या कप्प्यात पडेल तेवढे गुण. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी दिवाळीच्या सुट्टीत तो खेळला असेल. पुढे ते बोटीवर इलेक्ट्रिशियन झाले. बंदरात उतरले की बाकीचे बाजारात जायचे, हे पिनबॉल शोधत फिरायचे. नोकरी सोडून घरी आले, तेव्हा दोन वर्षं मागच्या पडवीत एक मोडकं यंत्र खोलून बसले होते. पंचेचाळीस हजारांचं भंगार, आणि त्यावर तीस हजारांचे सुटे भाग. ज्या रात्री ते यंत्र पेटलं, घंटा वाजली, रंगीत दिवे लागले, त्या रात्री माझी धाकटी जाऊ रडली. आनंदानं की सुटकेनं, ते मी विचारलं नाही.

पिनबॉल म्हणजे त्याच खिळ्यांच्या पाटाचा थोरला भाऊ. काचेखाली जरासं उतरतं टेबल, त्यात साधारण ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी. स्प्रिंगची दांडी ओढून गोळी वर सोडायची. खाली वल्ह्यांसारखे दोन छोटे पंखे असतात, कडेची बटणं दाबली की ते उडतात आणि गोळीला परत वर टोलवतात. गोळी मधल्या फटीतून खाली गेली की डाव गेला. तीन गोळ्या म्हणजे एक खेळ. ही स्प्रिंगची दांडी अमेरिकेतल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह ह्या गृहस्थांनी १८७१ साली पेटंट केली. १९३१ साली, मंदीच्या दिवसांत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब ह्यांनी एका पैशात खेळता येणारा खेळ काढला, आणि बेकार माणसांनी तो उचलून धरला.

हे सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "त्यात पैसे टाकून पैसे मिळतात का?"

मला आधी वाटलं, काय हे जुनं डोकं! पण मग कळलं, हाच प्रश्न जगानं विचारला होता. न्यूयॉर्क शहरात १९४२ साली पिनबॉलवर बंदी आली. महापौर ला गार्डिया ह्यांनी स्वतः हातात घण घेऊन यंत्रं फोडली. कारण हा नशिबाचा खेळ, जुगार आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि तेव्हा ते पुष्कळसं खरंही होतं. गोळी टोलवणारे पंखे १९४७ साली आले. त्याआधी गोळी सोडली की खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे. पंखे आल्यावर हात आणि नजर कामाला लागली. तरी बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण खेळाडूनं नगरपालिकेच्या सभासदांसमोर आधी सांगितलं, गोळी अमुक वाटेनं नेतो, आणि तशी नेऊन दाखवली. तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

आपल्याकडेही १८८७ सालच्या मुंबई इलाख्याच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळाला सूट ठेवलेली आहे. पण बक्षीस म्हणून रोख पैसे ठेवले की प्रकरण वेगळ्या वाटेला जातं. म्हणून पहिली अट सासूबाईंची. पैशाचं बक्षीस नाही, पैज नाही, आणि कुणी आपापसात लावलेली दिसली तर खेळ बंद. दुसरी अट माझी, मास्तरणीची. माझ्या वर्गातली मुलं भर दुपारी गणवेशात तिथे दिसली, तर मी शाळेत कुठल्या तोंडानं उभी राहू? तेव्हा दुकान संध्याकाळी पाचनंतर उघडायचं आणि चौदा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं. भावजी म्हणाले, "वहिनी, मग गिऱ्हाईक उरलं कोण?" मी म्हटलं, "तेच आता वहीत बघू या."

तुम्हांला ठाऊकच आहे, ह्या सदराची सगळी मदार वहीवर. भावजींनी माझ्याकडे एक लाख मागितले होते. शाळेच्या अर्धवेळ पगारातून सात वर्षांत जमवलेली मुदत ठेव एक लाख दहा हजारांची. ती लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी. नाही म्हणावं तर घरात अढी, हो म्हणावं तर माझी झोप जायची. हे म्हणाले, "तुझे पैसे आहेत, तू ठरव." नवऱ्यांचं हे वाक्य ऐकायला फार छान असतं, पण त्यानं ओझं काही हलकं होत नाही.

मग एका रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही चौघं बसलो. मी डाव्या पानावर महिन्याचा खर्च लिहिला. गाळ्याचं भाडं १२,०००. वीज २,५००, कारण दुकानाचा दर घरच्यापेक्षा जास्त, आणि हे यंत्र तिकडच्या ११० व्होल्टवर चालणारं, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर. दुरुस्ती, रबराची कडी, दिवे, कॉइल असे २,०००. भावजींनी स्वतःचा पगार लिहिला नव्हता. "मला काय करायचाय पगार, माझा छंदच आहे!" मी म्हटलं, "छंद वाण्याकडे चालत नाही." पंधरा हजार लिहिले.

मग मी विचारलं, "सरबत कोण करणार? गाळा कोण झाडणार? तुम्ही यंत्रात डोकं घालून बसलात की गल्ल्यावर कोण?"

कुणीच काही बोललं नाही. जाऊ ताटं उचलत होती, ती तशीच थांबली. सगळ्यांनी मनात धरलं होतं की ते ती करणार. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं, कागदावर तर ती कुठेच नव्हती. रोजचे चार तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १०४ तास. तासाला साठ रुपये धरले तर ६,२४०. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला. जाऊ हळूच म्हणाली, "ताई, मला कशाला पैसे? घरचंच तर आहे." मी म्हटलं, "घरचं आहे म्हणूनच लिहायचं. बाहेरची बाई ठेवली असती तर आपण विसरलो असतो का?"

बेरीज झाली ३७,७४०. एका खेळाचे वीस रुपये धरले तर महिन्याला १,८८७ खेळ. सव्वीस दिवसांत रोजचे त्र्याहत्तर. एका खेळाला सरासरी चार मिनिटं, तासाला पंधरा खेळ. पाच ते दहा, पाच तासांत जास्तीत जास्त पंचाहत्तर. म्हणजे काय? तर खर्च भरून निघायलाच यंत्र रोज पाच तास एक मिनिटही रिकामं राहता कामा नये, बिघडता कामा नये, आणि गिऱ्हाईकांची रांग हवी!

भावजी बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षांत हा हिशोब मी एकदाही मांडला नाही."

छंदात असंच होतं, मैत्रिणींनो. केक छान झाला की आपण अंडी, मैदा, लोणी मोजतो. चार तास उभं राहिलेले पाय मोजत नाही, गॅस मोजत नाही, दोनदा फसलेला केक तर अजिबात नाही. आणि मग "एवढं विकून हातात काही राहत कसं नाही?" असं पत्र मला येतं.

हे सगळं चालू असतानाच मे महिन्यात आम्ही सावंतवाडीला गेलो होतो. चितार आळीत मुलांना लाकडी खेळणी घेतली आणि राजवाड्यात गंजिफा बघितला. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे एकशेवीस पत्ते. एके काळी घराघरांतून दुपारच्या वेळी ह्याचे डाव पडत. मग छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले, खेळणारे गेले, आणि रंगवणारे चितारीही संपत आले. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींना गाठलं. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडे शिकल्या. मग १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारखाना उभा राहिला आणि तरुण कारागीर तिथे बसून पत्ते रंगवू लागले.

मला तिथे एक गोष्ट फार लक्षात राहिली. आज तो संच विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना गंजिफा खेळता येतो? फारच थोड्यांना. लोक घेतात ते त्यातलं चित्र, तो हात, ती रंगांची लकाकी. म्हणजे खेळाचं आवड म्हणून वेगळं मोल, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सत्त्वशीलादेवींनी लोकांनी पुन्हा डाव मांडावेत म्हणून वाट बघत बसायचं ठरवलं असतं, तर चितारींची कला त्यांच्याबरोबरच गेली असती. त्यांनी हात वाचवला, म्हणून खेळही वाचला.

परतीच्या गाडीत मी भावजींना विचारलं, "तुमच्या छंदातली कुठली गोष्ट लोकांना विकत हवीय? खेळणं, की दुसरं काही?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर आलं नाही.

शेवटी मी एक लाख दिले नाहीत. चाळीस हजार दिले, तेही उसने. साध्या कागदावर लिहून, दोघांच्या सह्या, महिन्याला दोन हजार, वीस हप्ते. सासूबाईंना हे जरा लागलं. "घरातल्या घरात कागद?" मी म्हटलं, "आई, कागद भांडायला नाही, भांडण होऊ नये म्हणून." डिपॉझिट भरण्याआधी महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात जाऊन कुठले परवाने लागतील ते विचारून यायचं, हेही ठरलं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. बाहेर बसलेल्या दलालानं तिचे पैसे मागितले होते, ते वाचले.

गणपतीनंतर दुकान उघडलं. नावात बार नाही. एक पिनबॉल, चार कॅरम, आणि लिंबू-कोकम सरबत. आमच्या नाक्याची संध्याकाळ तुम्ही बघितली नसेल. मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा, टेम्पो, भाजीच्या गाड्या, आणि आतल्या गल्ल्यांतून यंत्रमागाची खटखट. पद्मानगरकडची पाळी सुटलेली पोरं यायची, पण ती कॅरमवर बसायची. पिनबॉलभोवती गर्दी व्हायची ती बघ्यांची! पहिल्या महिन्यात रोजचे जेमतेम वीस खेळ. कॅरमनं भाडं भरलं, सरबतानं वीज. जावेचे पैसे दिले, भावजींचा पगार नाही निघाला. माझे तीन हप्ते आले, चौथा आला नाही. पाचवाही नाही.

ते दोन महिने फार वाईट गेले. पैसे मागायचे कसे? रोज एकाच पंगतीला जेवायचं, आणि मनात दोन हजार. भावजी माझी नजर चुकवू लागले. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं गुणगुणणं थांबलं. पडवीत यंत्राशी बोलत बसणारा हा माणूस, आता टोकनं मोजायचा आणि यंत्राला हातही लावायचा नाही. जाऊ एकदा म्हणाली, "ताई, दुकान चालेना तर चालेना, पण ह्यांचा खेळ गेला." ते ऐकून मला माझ्या दोन हजारांची लाज वाटली. पण हप्ता सोडून देते असं मी म्हटलं नाही. त्यातही मला त्यांचा अपमान वाटला असता.

मग एका शनिवारी ठाण्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मॉलमधल्या खेळांच्या दालनाची देखभाल त्यांच्याकडे होती. पिनबॉल खेळता खेळता त्यांनी विचारलं, "हे जुनं यंत्र चालू कुणी केलं?" भावजींनी मागचं झाकण उघडून वायरींचं ते जंगल दाखवलं. गृहस्थ म्हणाले, "आमची अर्धी यंत्रं बंद पडलीत. येता का बघायला?"

तेव्हापासून भावजी आठवड्यातले तीन दिवस सकाळी ठाणे-कल्याणला यंत्रं दुरुस्त करायला जातात. घराला पगार मिळतो तो तिथून. संध्याकाळी दुकान असतं. ते आपलं भाडं आपण भरतं, जावेचे पैसे देतं, वर थोडं राहतं. राहिलेले दोन हप्ते एकदम आले, पाकिटात घालून, वर "वहिनींस" असं लिहून. लोकांना विकत हवा होता तो खेळ नव्हता, खेळ जिवंत करणारा हात होता. गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ते मिळायला गाळा काढावा लागला, हेही खरंच. घरच्या पडवीत ठाण्याचे गृहस्थ आले नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी छंदाला दुकान काढणार असेल, स्वतःच्या किंवा घरच्या कुणाच्या, तर चार गोष्टी आधी वहीत लिहा. एक, ह्यात कुणाकुणाचे किती तास जाणार, आणि त्यांत न विचारता धरलेलं कोण आहे? त्या तासांची किंमत लावा, मग ती हातात पडो वा न पडो. दोन, रोज किती विकलं म्हणजे खर्च निघतो, आणि तेवढं एका दिवसात होणं शक्य तरी आहे का? तीन, घरचे पैसे घालणार असाल तर किती बुडाले तरी चालतील तेवढेच घाला, आणि कागद करा. चार, गिऱ्हाईक नक्की कशाचे पैसे देतं, हे दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. उत्तर बदलत असतं.

आणि पाचवी गोष्ट माझ्या जावेनं सांगितलेली. दुकान मंगळवारी बंद असतं. त्या दिवशी संध्याकाळी भावजी एकटेच किल्ली घेऊन जातात आणि अर्धा तास पिनबॉल खेळतात. त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी हिशोब विचारायचा नाही, फोन करायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. मागच्या मंगळवारी सासूबाईच म्हणाल्या, "चल गं, बघू तरी हा बार कसा असतो." गोळी तीनदा खाली गेली, तीन मिनिटांत. "नशिबाचा खेळ नाहीये हा," त्या घरी येताना म्हणाल्या, "सवय पाहिजे."

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा जाणार आहेत.